येण्यास परवानगी लागत नाही

परिशिष्टरावांच्या बायकोचा उजवा गुडघा बदलायचा ठरला, त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, त्याआधी कुठे चढायचं राहिलं असेल तर चढून घ्या. दुखेल, पण नवीन काही बिघडणार नाही. तसाही तो गुडघा आम्ही काढूनच टाकणार आहोत. नंतर मात्र लांबलचक पायऱ्यांचं नाव काढायचं नाही."

शहाण्या माणसाने यावर 'बरं' म्हणून उठावं. बाईंनी विचारलं, "डोंगरावरच्या विहारापर्यंत चालेल?"

"किती पायऱ्या आहेत?"

"चारशेच्या वर आहेत म्हणतात."

"थांबत थांबत चढा. घाई नको," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. विषय त्यांच्या दृष्टीने संपला होता. परिशिष्टरावांच्या दृष्टीने तो आता कुठे सुरू होत होता.

तो डोंगर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. माथ्यावर पांढरा स्तूप, त्याच्या खाली ओळीने चार-पाच लहान मंदिरं, भिक्खूंच्या खोल्या, आणि तिथून खालपर्यंत उतरलेला पायऱ्यांचा पट्टा. बारा वर्षं बाई त्या डोंगराकडे बघत भांडी घासत होत्या. वर्षातून एकदा म्हणत, "एकदा जाऊन येऊ या." आणि परिशिष्टराव म्हणत, "जाऊ की. पण नीट प्लॅन करून." अशी बारा वर्षं नीट प्लॅन करण्यात गेली होती.

"हे बघा," बाई त्या दिवशी रिक्षात बसल्याबरोबर म्हणाल्या, "तीन आठवडे आहेत. मला सहल-बिहल नको. आपण दोघं जाऊ. मी माझ्या पायांनी चढेन, वर तासभर बसू आणि खाली येऊ. ह्या खेपेला राहिलं तर कायमचं राहिलं."

"तू काही काळजी करू नकोस," परिशिष्टराव म्हणाले, "मी बघतो सगळं." बाईंना काळजी वाटायला लागली ती त्या क्षणापासून.

परिशिष्टराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक टिपणीला परिशिष्ट अ, ब आणि क जोडलेलं असे. सत्तावीस वर्षं सगळ्या कचेरीच्या रजा त्यांच्या टेबलावरून जात. जात म्हणजे बहुतेक तिथेच राहत. माणूस प्रामाणिक होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण कुठलीही गोष्ट सोपी असू शकते यावर त्यांचा विश्वास बसत नसे. आता घराच्या कोपऱ्यावरून डोंगराच्या पायथ्याला थेट बस जाते. वळसे घेत सव्वा तासाचा रस्ता. बसायचं, उतरायचं, चढायचं. यात कुठेतरी पाणी मुरत असणार असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी विहाराच्या व्यवस्थापकांना दोन प्रौढ व्यक्तींना डोंगरावर येण्याची परवानगी मिळण्याबाबत पत्र लिहिलं.

"फोन करा ना," बाई म्हणाल्या.

"फोनवर बोललेलं फाईलला लावता येत नाही."

चार दिवसांत उत्तर आलं. वळणदार अक्षरात तीनच ओळी होत्या: "येण्यास परवानगी लागत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दार उघडं असतं. या."

परिशिष्टरावांनी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. मागे काही नव्हतं. "हे काय उत्तर झालं? 'या' म्हणे. कधी या, किती वाजता या, कुणाला भेटा, काही नाही. उद्या दारातल्या माणसाने अडवलं तर हे दाखवायचं?"

"परवानगी लागतच नाही, तर अडवेल कोण?"

"परवानगी लागत नाही असं म्हणणारा माणूस त्या दिवशी रजेवर असला तर?" परिशिष्टरावांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाकडेही नसेल.

दुसरं पत्र गेलं ते तीन परिशिष्टांसह. परिशिष्ट अ म्हणजे गुडघ्याचा एक्स-रे. ब म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. क मध्ये प्रश्न होते: पायरीची उंची किती, कठडा कोणत्या हाताला, विश्रांतीची ठिकाणं किती व कोणती, आणि संबंधित स्त्रीच्या गुडघ्याची अवस्था लक्षात घेता कोणती विशेष सोय देता येईल. यावर विहाराची व्यवस्था बघणाऱ्या भंत्यांनी शांतपणे उत्तर लिहिलं. पायरीची उंची, जशी असेल तशी. कठडा एकाच बाजूला. विश्रांतीची ठिकाणं, जिथे दम लागेल तिथे. आणि खाली एक ओळ होती: ताईंना फारच त्रास असेल तर सामान वर नेण्याची ट्रॉली आहे, आमच्यातले एक वृद्ध भंते कधीकधी तिने येतात. ट्रॉली गुरुवारीच चालते, कारण फिटर गुरुवारीच येतो.

परिशिष्टरावांना हर्ष झाला. सोय होती! मागितल्याशिवाय कुणी सांगत नव्हतं, पण होती! त्यांनी लगेच तिसरं पत्र टाकून ट्रॉलीचा लेखी पास मागवला, आणि बिचाऱ्या भंत्यांनी तोही पाठवला. 'एका व्यक्तीस ट्रॉलीने वर येऊ द्यावे.' तारीख पडली ती ऑपरेशनआधीच्या शेवटच्या गुरुवारची. बायकोला हे त्यांनी सांगितलं नाही. आयत्या वेळी सांगून तिला चकित करायचं असा बेत होता. आपल्या पायांनी चढेन, असं ती म्हणाली होती हे त्यांच्या लक्षात होतं, पण ती आपली बोलायची पद्धत, असं त्यांनी धरलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं बरंच बोलणं असंच धरलं होतं.

ही बातमी तळमजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे आता त्यांना मोजायला जमीन उरली नव्हती, पण मोजायची सवय उरली होती.

"चारशे अडतीस पायऱ्या," त्यांनी जिन्यातच सांगितलं.

"पायथ्याच्या पाटीवर चारशे बारा लिहिलंय म्हणतात."

"पाटी लिहिणारा मोजायला गेला होता का?" मोजणीदार तडकले. "वहिनी, तुम्ही उतरताना उलटं उतरायचं. तोंड डोंगराकडे. गुडघ्यावर भार येत नाही."

"आणि पडले म्हणजे?"

"पडलात तर वरच्या दिशेने पडाल. मी येतो ना बरोबर. एकदा तो चारशे बाराचा निकाल लावायचाच आहे मला." अशा रीतीने 'आपण दोघं'चे तिघं झाले. बाईंनी घरात जाऊन मोठ्याने भांडी घासली.

आता राहिली रजा. घोडं पेंड खात होतं ते इथे. गुरुवार म्हणजे कामाचा दिवस. परिशिष्टरावांनी अर्ज लिहिला, 'कारण: कौटुंबिक सहल', आणि रिवाजाप्रमाणे आस्थापना शाखेकडे पाठवला. म्हणजे तो शिपायाने उचलून त्यांच्याच टेबलावर आणून ठेवला. दुसरा कुणी असता तर त्याने डोळे मिटून साहेबांकडे ढकलला असता. पण सत्तावीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या सहली अडवल्या, तो स्वतःची कशी सोडणार? परिशिष्टरावांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला आणि आपल्या स्वच्छ अक्षरात शेरा मारला: 'अर्जदाराने दिलेले कारण अपुरे आहे. डोंगर रविवारीही तिथेच असतो.' मग त्यांना समाधान वाटलं. आपण नि:पक्षपाती आहोत हे साहेबांना कळेल, ते हसतील, आणि 'अहो, जा हो' म्हणतील, अशी त्यांची अटकळ होती.

साहेबांच्या रजेचे कागदही याच टेबलावरून जात, हे ते विसरले होते. साहेब विसरले नव्हते. संध्याकाळी अर्ज परत आला. शेऱ्याखाली एकच शब्द होता, 'सहमत', आणि खाली सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

"साहेब, तो शेरा आपला नियम म्हणून होता," परिशिष्टराव केबिनमध्ये उभे राहून म्हणाले.

"मीही सही नियम म्हणूनच केली."

"पण जायचं आहे, साहेब."

"कुणाला?"

"मला."

"आणि हरकत कुणाची आहे?"

"माझीच."

"मग तुम्ही दोघं आधी आपसात मिटवा आणि या," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परिशिष्टराव आपल्याच हरकतीला उत्तर लिहायला बसले. सबंध कचेरीत त्या दिवशी कुणीही चहाला बाहेर गेलं नाही. जो तो काहीतरी निमित्त काढून त्यांच्या टेबलाजवळून जाई. टायपिस्टबाईंना मागे भावाच्या घरी जायला दोन दिवस नाकारले होते. त्या तर खुर्चीच जवळ घेऊन बसल्या. "लिहा, लिहा. रविवारचा मुद्दा नीट खोडून काढा. तो अवघड आहे." परिशिष्टरावांनी दोन पानं लिहिली. रविवारचा मुद्दा खोडला की गुरुवारचा उभा राही, त्याला उत्तर दिलं की त्यातून त्यांची तिसरीच हरकत निघे. इतका चिवट माणूस आपल्या विरुद्ध आहे आणि तो आपणच आहोत, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. अखेर कंटाळून त्यांनी शेवटी एकच ओळ लिहिली: 'पत्नीचे सोमवारी ऑपरेशन आहे. त्यानंतर तिला तेथे कधीच जाता येणार नाही.'

साहेबांनी दोन्ही पानं उलटली आणि तेवढीच ओळ वाचली. "अहो, हे आधी लिहायचं ना!" ते म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, 'विशेष बाब म्हणून मंजूर. हे उदाहरण समजू नये.' शिपायाने तो हुकूम सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा वाचून दाखवला. टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. परिशिष्टराव मान खाली घालून घरी गेले.

"मिळाली रजा?" बाईंनी विचारलं.

"विशेष बाब म्हणून."

"विशेष काय त्यात? बायकोला घेऊन जाताय, एवढंच ना?"

"तेच," ते म्हणाले.

बुधवारी मेहुण्याचा फोन आला. बाईंच्या ह्या भावाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. "ताई बसने जाणार? मग मी कशाला आहे? सकाळी सातला गाडी दारात."

गाडी साडेआठला आली. तिच्या छपरावर 'शिकाऊ' अशी भलीमोठी पाटी होती, मेहुणा शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता आणि चालवायला एक दाताचे डॉक्टर होते. "गुरुवारी यांचा धडा असतो," मेहुणा म्हणाला, "म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. आणि खरं सांगू का, भावजी, पंधरा वर्षांत मी त्या बाजूला बसलेलोच नाही. आता मला तिकडून सुचत नाही." लोकांच्या तोंडात सुई घालताना ज्यांचा हात कधी कापला नसेल, त्या डॉक्टरांचे दोन्ही हात चाकावर थरथरत होते. मागे परिशिष्टराव, बाई आणि मोजणीदार. परिशिष्टरावांच्या मांडीवर फाईल.

गाडी ताशी वीसने निघाली. समोर बैल दिसला की डॉक्टर थांबत, बैल नसला की तो कुठे गेला म्हणून थांबत. डॉक्टर थांबले नाहीत तर मेहुणा आपल्या पायाखालचा ब्रेक दाबी. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना कोपऱ्यावरची थेट बस मागे टाकून गेली. दोन तासांनी तीच बस डोंगराहून परत येताना समोरून भेटली. बाईंनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. "सावकाश जावं," परिशिष्टराव कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

पायथ्याशी पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. दार सताड उघडं होतं. आत पत्र्याच्या छपराखाली एक भंते भोपळे पुसून ठेवत होते. परिशिष्टराव फाईल उघडून पुढे झाले.

"आलात? चांगलं झालं. पाणी घ्या," भंते म्हणाले.

"पास तपासून घ्या."

"राहू द्या हो."

"नाही, नाही. तपासून घ्या."

भंत्यांनी हात पुसले, पास वाचला, "अक्षर माझंच आहे," म्हणाले आणि परत दिला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत परिशिष्टरावांचा इतका अपमान झाला नव्हता. पण अजून हुकमाचं पान हातात होतं. त्यांनी बायकोला छपराच्या मागे नेलं. तिथे लोखंडी दोरावर टांगलेला एक उघडा पिंजरा होता. त्यात पिठाची पोती होती आणि फिटर एकेक भोपळा रचत होता.

"बस," परिशिष्टराव म्हणाले.

"कशात?"

"यात. तुझ्यासाठी मुद्दाम मंजूर करून घेतली आहे. एक पायरी चढायला नको!"

बाईंनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, पण दुखेल ना."

"गुडघा माझा आहे. दुखला तर मला दुखेल. बारा वर्षं मी त्या पायऱ्या बघतेय आणि तुम्ही मला पिठाच्या पोत्याबरोबर वर पाठवताय?" त्यांनी काखेतली छत्री हातात घेतली. "मी चढणार आहे. तुम्ही यायचं तर या, नाहीतर बसा फाईल धरून."

"आणि हा पास? तीन पत्रं लिहिलीत मी! आजचीच तारीख आहे त्यावर!"

"मग तुम्ही बसा," बाई म्हणाल्या आणि छत्री टेकत चालायला लागल्या.

फिटर म्हणाला, "बसताय का कोणी? नाहीतर अजून चार भोपळे मावतील."

माणसाची बुद्धी कधी फिरेल सांगता येत नाही. मंजूर झालेली सोय वाया जाऊ द्यायची हे परिशिष्टरावांच्या रक्तात नव्हतं, आणि बायकोच्या मागे मान खाली घालून चढायचं हे त्या घटकेला स्वाभिमानात बसत नव्हतं. ते फाईलसकट पोत्यावर बसले. फिटरने खटका दाबला आणि परिशिष्टराव वर निघाले. आपण आधी पोचू, वर हसत उभे राहू आणि मग तिला कळेल, असा हिशेब त्यांनी मांडला. हा हिशेब दोन तृतीयांश उंचीपर्यंत बरोबर आला. मग वीज गेली.

ट्रॉलीने दोन झोके खाल्ले आणि ती थांबली. खाली झाडांचे शेंडे, वर आभाळ, मांडीवर भोपळा. "येईल हो वीज!" फिटर खालून ओरडला. "कधीकधी तासाभरात येते!" कधीकधी येत नसेल तेव्हाचं त्याने सांगितलं नाही.

पायऱ्यांचा पट्टा तिथून सगळा दिसत होता. पायथ्याला मेहुणा डॉक्टरांकडून गाडी मागे घ्यायचा सराव करून घेत होता. मोजणीदार निम्मी चढण चढून कुणालातरी तावातावाने बोलत होते. मध्येच कुणी वेळ विचारली असावी आणि आकडा चुकला असावा, कारण ते तरातरा खाली उतरून पहिल्या पायरीपासून पुन्हा मोजायला लागले. आणि मध्ये, एकटी, काळी छत्री टेकत, त्यांची बायको चढत होती.

डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच्याशेजारी. दहा पायऱ्या झाल्या की कठडा धरून उभी राही, पदराने तोंड पुसून वर बघे आणि पुन्हा डावा पाय. परिशिष्टरावांना राहवेना. "बस जरा! पाणी पी! डाव्या हाताने धर!" ते ओरडले. डोंगराने ते सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. पायऱ्या झाडणाऱ्या एका भंत्यांनी वर पाहून ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी वर पाहिलंच नाही.

आता परिशिष्टरावांना लिहायला काही नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं, करण्यासारखं तर काहीच नव्हतं. फक्त बघायचं होतं. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की हिला इतका वेळ सलग आपण कधी पाहिलेलंच नाही. एका जागी ती फार वेळ थांबली, वाकून गुडघा दोन्ही हातांनी दाबला, आणि आता ही परत फिरणार असं वाटून त्यांचा जीव खालीवर झाला. सुरुवातीला ते मनात म्हणत होते, फिर मागे. आता ते म्हणत होते, चढ, चढ ग बाई, थोडंच राहिलंय. ती चढली. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला, आणि दोन्ही इतकं एकदम वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. एका हातात फाईल आणि दुसऱ्यात भोपळा असल्यामुळे त्यांना ते पुसता आलं नाही.

शेवटची पायरी चढून बाई विहाराच्या दारात टेकल्या. पाऊण तास त्या बसून होत्या, आणि वीज आली नाही. तेव्हा वरचे दोन भंते ट्रॉलीचं हाताने फिरवायचं चाक काढून कामाला लागले. ट्रॉली वीतवीत वर येऊ लागली. जवळ आल्यावर परिशिष्टरावांना दिसलं, की चाकाच्या एका दांड्याला भंते आहेत आणि दुसऱ्याला त्यांची बायको. दम लागला होता, केस सुटले होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. "अगं, तू कशाला?" ते म्हणाले.

"माझा गुडघा गेलाय," बाई म्हणाल्या, "हात नाही गेले. गप्प बसा, हलू नका."

पिंजरा कठड्याला लागला. परिशिष्टराव उतरले तेव्हा त्यांचेच पाय लटपटत होते. बाईंनी दंडाला धरून त्यांना उभं केलं. इतक्यात कोठार सांभाळणारे वृद्ध भंते एक जाडजूड वही घेऊन आले. "ट्रॉलीने आलेल्या सामानाची नोंद करावी लागते," ते म्हणाले, "आमचा एवढा एकच नियम आहे. सामान कुणी घेतलं त्याची सही लागते."

"बरोबर आहे. लागतेच," परिशिष्टराव म्हणाले. नियम दिसताच त्यांच्या जिवात जीव आला होता.

भंत्यांनी पीठ लिहिलं, भोपळे मोजून लिहिले, त्यांच्यापुढे सही केली आणि खालच्या ओळीत लिहिलं, 'गृहस्थ, एक'. मग त्यांनी वही फिरवून बाईंपुढे धरली. "हे तुमचं ना, ताई?"

बाईंनी पेन घेतलं. सही केली. शेजारी शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी लिहिलं, 'सुस्थितीत मिळाले. फार उशिरा.'

परिशिष्टरावांनी तो शेरा चष्मा पुसून दोनदा वाचला. हरकत घेण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही.